खेचराच्या चोरीची फाईल

व्हर्लीन स्टॉकर्ड कॉफी करायला उठली की आम्ही ओळखायचो, आता फाईल सापडणार.

अठ्ठावीस वर्षं मी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले. टेन्सली काउंटीच्या कोर्टाच्या तळघरात आमचं रेकॉर्डचं ऑफिस आहे. वर न्यायाधीश, वकील, झेंडे आणि पॉलिश मारलेलं लाकूड. खाली आम्ही दोघी, एक काच, आणि काचेपलीकडे रांग. कुणाला भावाचा खटला हवा, कुणाला घटस्फोटाचा कागद. एखादी आई हळूच विचारणार, "अहो, आमची पोरगी ज्या मुलाशी लग्न करतेय, त्याच्या नावावर काही गंभीर गुन्हाबिन्हा आहे का, जरा बघता?" आम्ही बघतो. ते सगळ्यांसाठी खुलं असतं. दोन लग्नं माझ्या डोळ्यांदेखत त्या काचेपुढे मोडलीत, आणि दोन्ही मोडली ते बरंच झालं.

काम सोपं आहे म्हणतात लोक. म्हणणाऱ्यांनी एक दिवस येऊन बसावं! आमच्या जुन्या फायली नावानं नाही, नंबरानं लावलेल्या. मागच्या बाजूला जुना तुरुंग आहे, त्याच्या कोठड्यांमध्ये आता कैद्यांऐवजी खोकी असतात. घटस्फोट, जमिनीची भांडणं, चोऱ्या, सगळं एकाच रांगेत, वर्षाचा पत्ता नाही, फक्त नंबर. तुम्ही नाव घेऊन आलात की नामसूचीत नाव शोधायचं, नावापुढचा नंबर घ्यायचा आणि किल्ली घेऊन कोठडीत जायचं. पूर्वी नामसूचीच्या जाडजूड वह्या होत्या, आता ते सगळं कॉम्प्युटरवर चढवलंय. नाव नाही तर नंबर नाही. नंबर नाही तर साडेतीनशे खोकी, आणि तुमचं नशीब.

पण व्हर्लीनचं तसं नव्हतं. कॉम्प्युटर 'नाही' म्हणाला तरी कधीकधी ती चष्म्याची साखळी सारखी करायची, "थांबा, मी जरा ताजी कॉफी ठेवते," म्हणायची आणि मागच्या खोलीत जायची. पाच मिनिटांनी कॉफीचा वास यायचा, दहाव्या मिनिटाला ती किल्ली घेऊन कोठडीकडे निघायची, आणि फाईल घेऊनच परत यायची. वकील तोंडात बोटं घालायचे. सगळ्या काउंटीत बोलबाला, की व्हर्लीनच्या डोक्यात प्रत्येक खटल्याचा नंबर आहे. मीही तेच समजत होते. मला तर स्वतःच्या भाच्यांचे वाढदिवस आठवत नाहीत, त्यामुळे माझा जळफळाट व्हायचा, ते खोटं कशाला सांगू!

बाई तशी फटकळ. एकदा एक तरुण वकील घाईघाईत म्हणाला, "व्हर्लीनबाई, पाच मिनिटांत मिळेल का?" तिनं विचारलं, "वकिली शिकायला किती वर्षं लागली?" तो म्हणाला, "तीन." "मग फाईलला वीस मिनिटं लागू देत की," ती म्हणाली आणि टोमॅटोचं सँडविच खायला बसली. पण एखादा म्हातारा थरथरत्या हातानं अर्ज भरत असला, तर हीच बाई काचेपलीकडे जाऊन त्याच्याजवळ बसायची आणि प्रत्येक रकाना वाचून दाखवायची. ऑगस्टमध्येसुद्धा अंगात स्वेटर, कारण तळघर गार. तोंडात पेपरमिंटची गोळी. आणि एक वाक्य ठरलेलं: "या हातांतून एकही फाईल हरवलेली नाही." ते वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणेन.

गेल्या वर्षी ती निवृत्त होणार होती. त्रेचाळीस वर्षं झाली होती. आमच्या हॅस्लरसाहेबांनी पितळी फलक करून घेतला, त्यावर तेच वाक्य कोरून घेतलं. शुक्रवारी केक, वर्तमानपत्राचा फोटोवाला, सगळं ठरलं. त्याच आठवड्यातल्या बुधवारी डॉर्सी प्रूएट आला.

खरं तर तो दुसऱ्यांदा आला होता. पहिल्यांदा जुलैमध्ये आला, तेव्हा व्हर्लीन गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी सहा आठवडे घरी होती आणि काउंटरवर मी एकटी. त्या दिवशी उकाडा होता, प्रिंटर रुसला होता आणि माझी कंबर धरली होती. डॉर्सी टोपी हातात घेऊन उभा. म्हणाला, "बाई, १९८० चा माझा खटला आहे. गंभीर गुन्ह्याचा. रद्द झाला होता. तो रद्द झाल्याचा शिक्क्याचा कागद पाहिजे." मी नाव टाकलं. काही नाही. तो म्हणाला, "नीट बघा ना जरा." झालं, माझी तार सटकली. "नीटच बघितलंय! नाही म्हणजे नाही!" आणि 'या नावाची कोणतीही नोंद आढळली नाही' असं पत्र छापलं, शिक्का आपटला आणि त्याच्या हातात दिलं. तो "थँक यू" म्हणून गेला. असा माणूस, आणि मी त्याच्यावर खेकसले.

बुधवारी तो तेच पत्र आणि सोबत शाळा-मंडळाचं दुसरं पत्र घेऊन आला. व्हर्लीन त्याच सकाळी परत कामावर आली होती, नवा गुडघा आणि काठी घेऊन.

"बावीस वर्षं मी शाळेची बस चालवतो, बाई," तो तिला सांगत होता. "सात नंबरची, टेकडीपलीकडची. या वर्षी नवा नियम काढलाय, सगळ्या ड्रायव्हरांच्या बोटांचे ठसे पुन्हा तपासायचे. तर माझ्या नावापुढे अटक दिसते, गंभीर गुन्हा, आणि पुढं काय झालं ते दिसतच नाही. शेरीफचे जुने कागद पुरात गेले. माझा वकील वारला. तुमच्याकडून पत्र आलं की नोंदच नाही. मंडळ म्हणतं, अटक आहे आणि निकाल नाही, तर आम्ही काय समजायचं? शुक्रवारी दुपारी बारापर्यंत कागद दिला तर ठीक. सोमवारी शाळा उघडते. नाहीतर बस दुसऱ्याला."

"करायला दुसरं काम मिळेल हो," मी उगाच म्हणाले. कधी कधी माझ्या तोंडाला कुलूप लावावंसं वाटतं.

डॉर्सीनं टोपी फिरवली. "माझी बायको गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा मी बस काढली होती. घरी बसून करणार काय? त्या दिवशी पोरं एकदम गप्प बसली होती. पहिलीतल्या एकीनं मला तिचं अर्धं बिस्कीट दिलं. मला काम नको, बाई. मला ती बस पाहिजे."

मला खरंच रडू आलं. मी प्रिंटरकडे तोंड फिरवलं.

"गुन्हा काय होता?" व्हर्लीननं विचारलं.

तो लाजला. बासष्ट वर्षांचा बाप्या, कानापर्यंत लाल. "खेचर चोरलं होतं."

व्हर्लीनच्या तोंडातली पेपरमिंटची गोळी कडकन फुटली. "हेटी क्रमचं खेचर? शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर नेलं होतं ते?"

"तुम्हाला आठवतं?"

"बसा तुम्ही," व्हर्लीन म्हणाली. "मी जरा ताजी कॉफी ठेवते."

मी मनात म्हटलं, चला, सुटला बिचारा! पण दोन मिनिटं झाली, चार झाली, वास काही येईना. मागच्या खोलीत गेले तर ही बाई टेबलापुढे काठीवर रेलून उभी, तोंड पांढरंफटक.

"रोवीना," ती म्हणाली, "इथलं जुनं कॉफीचं यंत्र कुठंय?"

"साहेबांनी नवं आणलं ना, बटणाचं. तू नव्हतीस तेव्हा. जुनं भंगारात गेलं."

"आणि त्याच्या खाली?"

"खाली काय? ती जुनी वही?"

"हो, ती वही! कुठंय ती?"

आता घाम फुटायची पाळी माझी होती. त्या यंत्राखाली एक जाड लाल वही असायची, उंचीसाठी ठेवलेली. पाठीवर 'एस' एवढं एकच अक्षर. अठ्ठावीस वर्षं बघत होते, कॉफीचे डाग पडून पडून तिचा रंगसुद्धा कळेनासा झाला होता. यंत्र गेल्यावर ती तशीच पडून होती. मला वाटलं कोरी असेल, नाहीतर रद्दी. "मी आईला दिली," मी म्हणाले.

"आईला?"

"ती चर्चमध्ये ऑर्गन वाजवते ना. उंची कमी पडते तिची. बसायला दिली."

व्हर्लीन खुर्चीत बसली आणि आधी मला वाटलं रडतेय, पण ती हसत होती. हसता हसता तिनं सगळं सांगितलं. एवढ्या वर्षांत मी तिच्या तोंडून असं काही पहिल्यांदाच ऐकत होते.

१९८० च्या जूनमध्ये ती कामाला लागली, एकोणीस वर्षांची. तेव्हाचे साहेब म्हातारे टीग. त्यांनी शिकवलं, प्रत्येक नवा खटला नामसूचीत पहिल्या पक्षकाराच्या नावानं लिहायचा. जमिनीच्या भांडणात ते बरोबर. पण गंभीर गुन्ह्यात पहिला पक्षकार कायम एकच असतो: स्टेट, म्हणजे सरकार. स्टेट विरुद्ध अमुक, स्टेट विरुद्ध तमुक. पोरीनं सात महिने प्रत्येक चोर, प्रत्येक दरोडेखोर, प्रत्येक मारामारीवाला 'एस' च्या पानांवर लिहिला. आरोपीचं नाव कुठल्याही दुसऱ्या पानावर नाही! जानेवारीत ती टीगसाहेबांकडे गेली आणि म्हणाली, "सर, एसची पानं संपली. आणखी मिळतील का?"

"ते काय म्हणाले?" मी पोट धरून विचारलं.

"अर्धा तास एसची पानंच चाळत बसले. मग म्हणाले, पोरी, सगळी नावं नीट आपापल्या पानांवर उतरव, आणि ही वही अशा जागी ठेव जिथं कुणी उघडणार नाही. त्यांनी स्वतःच ती कॉफीच्या यंत्राखाली सारली."

"मग उतरवलीस ना?"

"बरीचशी. शेवटची एक्केचाळीस राहिली. माझं लग्न झालं, मग पोरगा झाला, मग टीगसाहेब गेले. उद्या करते, उद्या करते. मग ते सगळं कॉम्प्युटरवर गेलं, आणि मी बोलणार कुणाला? जेव्हा जेव्हा त्यांपैकी कुणी आलं, तेव्हा मी कॉफी ठेवायला उठायचे."

म्हणजे ही हिची स्मरणशक्ती! अठ्ठावीस वर्षं मी जिच्यावर जळत होते! मी तिला दोन शिव्या हासडल्या, अगदी मनापासून, आणि मग आम्ही दोघी गाडीत बसलो. डॉर्सीला सांगितलं, उद्या सकाळी या.

बुधवारी संध्याकाळी चर्चमध्ये गायनाचा सराव असतो. माझी आई शहाऐंशीची, ऐकायला कमी, पण ऑर्गन असा बडवते की खिडक्या हादरतात. आम्ही आत शिरलो तेव्हा गाणं अर्ध्यावर होतं. मी वाकून तिच्या कानात ओरडले, "आई, जरा उठ!"

"गाणं चाललंय, रो!"

"आई, तू ज्यावर बसलीयेस ते सरकारी रेकॉर्ड आहे!"

ऑर्गन थांबला, गाणंही थांबलं. सोळा माणसं आमच्याकडे बघायला लागली.

"मग मला दिलंस कशाला?" आई मोठ्यांदा म्हणाली. "सरकारी वस्तू चोरून आईला देतेस? बापानं हेच शिकवलं का तुला?"

"आई, हळू!"

"मी हळूच बोलतेय! आणि आता मी बसू कशावर?"

शेवटी पाद्रीबाबांनी दोन जाड प्रार्थनापुस्तकं आणून तिच्या खाली सारली, तेव्हा वही सुटली. व्हर्लीननं तिथंच बाकावर ती उघडली. तिचं एकोणीस वर्षांचं अक्षर, गोल गोल, मन लावून काढलेलं. शेवटून तिसऱ्या पानावर होतं: स्टेट विरुद्ध प्रूएट, डॉर्सी, आणि पुढे नंबर. त्यावर कॉफीच्या कपाचा गोल डाग होता, पण आकडे वाचता येत होते. तिनं बोट ठेवलं आणि सुस्कारा टाकला.

गुरुवारी सकाळी चौथ्या कोठडीतून फाईल निघाली. एवढीशी. डॉर्सीसमोरच आम्ही ती वाचली. तीन पोरांनी जत्रेतून खेचर पळवलं आणि शाळेत नेलं. जिना चढून ते आरामात गेलं, पण उतरायला तयार होईना. सकाळी आगीचा बंब आणावा लागला. मग हेटी क्रमची साक्ष होती, व्हर्लीननंच टाईप केलेली: 'नऊ वर्षं मी या खेचराला हाक मारतेय, एकदाही माझ्यामागे आलं नाही. या पोरांमागे आपणहून दोन मजले चढलं. याला चोरी म्हणत असाल तर म्हणा, मी तरी म्हणणार नाही.' खाली न्यायाधीशांची सही: खटला रद्द.

डॉर्सी हसत होता आणि डोळे पुसत होता. "लई भली होती हेटीबाई," तो म्हणाला. "नंतर तिनं मला त्याच खेचराला दाणा घालायला ठेवलं. दोन उन्हाळे."

पण एवढ्यानं भागणार नव्हतं. शाळा-मंडळाच्या पत्रात खाली एक ओळ होती. तुमच्या कार्यालयानं आधी 'नोंद नाही' असं कळवलं आहे, तेव्हा आता नोंद सापडली तर आधी का सापडली नाही, हे शिक्क्यानिशी लिहून द्यावं. हॅस्लरसाहेब खाली आले, जुलैचं पत्र पाहिलं, त्यावरची माझी सही पाहिली. "रोवीना, नीट शोधलं नव्हतं वाटतं," म्हणाले. मी मनात म्हटलं, घ्या बोलून. खेकसले होते त्या माणसावर, त्याचंच फळ.

"सोपं आहे," साहेब म्हणाले. "लिहा, कर्मचाऱ्याच्या नजरचुकीनं. व्हर्लीनबाई, तुम्ही सही करा. तुमच्या सहीला वजन आहे."

व्हर्लीन तिच्या जुन्या टाईपरायटरपुढे बसली. अर्धी ओळ टाईप केली आणि थांबली. फलक साहेबांच्या टेबलावर होता, तो आम्ही सगळ्यांनी बघितला होता. मी तिच्या कानाशी जाऊन म्हटलं, "अगं, लिही की. माझं काय जातंय? मला आणखी नऊ वर्षं इथंच बसायचंय. तुझा उद्याचा दिवस कशाला घाण करतेस?"

"गप बस, रोवीना," ती म्हणाली आणि कागद ओढून फाडला. नवा घातला आणि खडाखडा टाईप केलं. मी मागून वाचत होते: '१९८० साली नामसूची लिहिणाऱ्या कर्मचाऱ्यानं या खटल्यासह एक्केचाळीस गंभीर गुन्ह्यांच्या नोंदी चुकीच्या अक्षराखाली केल्या, आणि त्या दुरुस्त करायच्या राहून गेल्या. जुलैमध्ये शोध घेणाऱ्या कर्मचाऱ्याची यात काही चूक नाही. ती नोंद करणारी कर्मचारी मीच. व्हर्लीन स्टॉकर्ड.' खाली शिक्का मारला.

वही मधल्या काळात कुठं होती, हे साहेबांनी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. आता सांगतेय.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "फलक?" एवढंच म्हणाले.

"फलक खरा आहे," व्हर्लीन म्हणाली. "फाईल कुठं हरवली होती? जागच्या जागी होती. पण मला तो नको. मला उद्या दिवसभर टेबल पाहिजे आणि केक आणाल तर एक तुकडा."

शुक्रवारी साडेअकराला डॉर्सीनं मंडळात कागद दिला. आमच्याकडे वरची सगळी मंडळी केक खायला खाली उतरली, फोटोवाला आला, आणि उत्सवमूर्ती कुठंय तर टेबलाशी वाकून लिहितेय! कॉफीनं काळवंडलेली लाल वही डाव्या हाताला, उजव्या हाताला जुनी नामसूची. एक्केचाळीस नावं, आपापल्या अक्षराच्या पानावर. ती लिहायची आणि मी लगेच कॉम्प्युटरवर चढवायचे. न्यायाधीशांनी तिला केक भरवला तर म्हणाली, "थांबा हो, सदतिसावा आहे." फोटोत तिचं तोंडसुद्धा नीट आलं नाही, फक्त डोक्याचा भांग आणि हात. चार वाजता तिनं शेवटचं नाव लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. प्रूएट, डॉर्सी. तेच तिनं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

मग तिनं किल्ल्या माझ्या हातात दिल्या. मला मिठी मारली आणि म्हणाली, "उद्यापासून कॉफी नुसती कॉफीच." मी भोकाड पसरलं. ऑफिसात सगळ्यांदेखत, नाक पुसायला केकचा कागद. असू दे.

सोमवारी सकाळी मी एकटी. तिची खुर्ची रिकामी, स्वेटर मात्र खुर्चीवरच विसरलेला. आमच्या तळघराला रस्त्यालगत एकच खिडकी आहे, वर छताजवळ. तिच्यातून माणसं दिसत नाहीत, बूट आणि टायर तेवढे दिसतात. पावणेआठला मोठे टायर येऊन थांबले, वर पिवळा पत्रा, आणि हॉर्न वाजला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तर वाजतच राहिला, आणि आतून पोरांचा कालवा.

मी खुर्चीवर चढले. माझ्या कंबरेला ते मुळीच आवडलं नाही. व्हर्लीनला फोन लावला. "कोण मेलं आता?" ती झोपेतून म्हणाली.

"ऐक," मी म्हटलं आणि फोन खिडकीला लावला.